सन्माननीय चौकोन

किन्हवलीपासून सरळगावपर्यंतच्या पट्ट्यात लग्न नेमकं कधी लागतं, याबद्दल दोन मतं आहेत. भटजींच्या मते ते मंगलाष्टकं संपली की लागतं. लोकांच्या मते ज्ञानूनाना निचित्यांनी माईकवरून पाहुण्यांची नावं घेऊन संपवली, की मगच लागतं. तोवर नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाघूम उभी असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण मांडवातला जो तो आपल्या नावाकडे कान लावून बसलेला असतो.

हे नावं घेणं सोपं नाही. त्याला क्रम असतो. आधी सरपंच, मग पोलीस पाटील, मग सोसायटीचे चेअरमन, मग तंटामुक्तीचे अध्यक्ष आणि मग माजी मंडळी. माजींना फार जपावं लागतं. चालू सरपंचाचं नाव राहिलं तर तो हसून सोडून देतो, माजीचं राहिलं तर तो जेवत नाही. त्यानंतर भावी. भावी म्हणजे जो निवडणुकीला उभा राहणार आहे, किंवा उभं राहू नको म्हणून ज्याच्या घरचे त्याच्या पाया पडतायत, असा कोणीही. एका हळदीत एका माजी उपसरपंचांचं नाव राहिलं, तर ते अकरा वर्षं त्या घरची पायरी चढले नाहीत. त्या दिवशी माईकवर दुसराच कोणी होता. ज्ञानूनाना असते तर हे झालंच नसतं, असं ते माजी उपसरपंच स्वतः सांगतात.

नाना भातसा धरणावर नोकरीला होते. रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची आणि आकडा फोनवरून मुंबईला कळवायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. आकडा एकदाच सांगायचा, पण असा ठणठणीत की पलीकडच्याने पुन्हा विचारता कामा नये. तीच रीत त्यांनी माईकवर आणली. हातात कागद नाही. मांडवातून कोणी चिठ्ठी पुढे सरकवली तर ती न उघडता सदऱ्याच्या खिशात, कारण चिठ्ठीतलं नाव पाच मिनिटांपूर्वीच घेऊन झालेलं असायचं. लग्नसराईत त्यांची बायको कमळ सदरा धुण्याआधी त्या खिशातून मूठ मूठ चिठ्ठ्या काढायची आणि चुलीत घालायची.

तर अशा माणसाने गेल्या माघात, भर मांडवात, बारकूशेठ भोइरांचं स्वागत केलं. "आपणा सर्वांचे मार्गदर्शक बारकूशेठ भोईर आवर्जून उपस्थित आहेत. मी त्यांना विनंती करतो की त्यांनी मंचावर येऊन वधूवरांना शुभाशीर्वाद द्यावेत." बारकूशेठ आले नाहीत. त्यांना येणं अवघड होतं. ते दिवाळीतच वारले होते आणि त्यांच्या दहाव्याला नदीवर श्रद्धांजलीचं भाषण नानांनीच केलं होतं. मांडवात हशा पिकला. बारकूशेठचा मुलगा हर्षित तेवढा हसला नाही. तो उठला, मोटारसायकलला किक मारली आणि न जेवता गेला.

लोकांनी ते उन्हावर ढकललं. माघात ऊन नसतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. नानांनीही उन्हावरच ढकललं. पण जीभ घसरली नव्हती, हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं. त्या घटकेला बारकूशेठ त्यांच्या लेखी जिवंत होते, दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून पान लावत होते.

त्यानंतर एकदा शहापूरच्या बाजारात एका माणसाने त्यांना मिठीच मारली. धरणाच्या कॉलनीत बावीस वर्षं शेजारच्या क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस. नाना त्याच्याशी अर्धा तास बोलले, त्याच्या मुलीची चौकशी केली, चहा पाजला, आणि त्याचं नाव काही शेवटपर्यंत आलं नाही. ते आलं तिसऱ्या दिवशी, दाढी करताना, काही उपयोग नसताना.

नानांना भीती कशाची वाटत होती, ते सांगायला डॉक्टर नको होता. त्यांचे थोरले बंधू मंगळूदादा. शेवटची चार वर्षं दादा रोज सकाळी आपल्या बायकोला विचारायचे, "बाई, तुमी कोणाच्या?" आणि जनावहिनी रोज सकाळी, चहाचा कप पुढे करून सांगायच्या, "मी जना. तुमची बायको. शेणवे गावची." मग दादा म्हणायचे, "बरा झाला आलीस ती." हे सांगताना सगळे हसायचे. नानाही हसायचे. आता त्यांना ते आठवायचं तेव्हा आधी वहिनींचा कप धरलेला हात आठवायचा.

हे त्यांनी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. कमळला तर नाहीच. एकदा तोंडातून गेलं की ते खरं होऊन बसेल असं त्यांना वाटे. आणि तीन आठवड्यांवर जयरामच्या नातीचं लग्न येऊन ठेपलं होतं.

जयराम म्हणजे ज्ञानूनानांना अजूनही 'ज्ञान्या' म्हणणारा पृथ्वीवर उरलेला एकमेव माणूस. त्याच्या मितालीला मुरबाडकडचं स्थळ मिळालं होतं. घर मोठं, भाऊबंदकी त्याहून मोठी, आणि त्या भाऊबंदकीत एकाच वेळी तीन माजी आणि चार भावी. माईक कोणाकडे, हा प्रश्नच नव्हता. पत्रिकेत खाली नानांचं नाव छापूनही झालं होतं. नाव चुकलं तर नानांचं काय व्हायचं ते होवो. पण नांदायला जाणार मिताली. पहिल्या दिवसापासून तिला ऐकावं लागलं असतं, की तुमच्याकडच्यांनी आमच्या अमक्याला मेलेल्यांत काढला, किंवा मेलेल्याला जेवायला बोलावला. त्यातलं दुसरं नाना करू शकतात, हे तालुक्याला माहीत झालंच होतं.

अशात सुनेचा निरोप आला. सून वैष्णवी मुलाबरोबर वाशिंदला नव्या इमारतीत राहते, ठाण्याला ऑफिसात जाते, आणि रविवारी सकाळी दहा वाजता मोबाईलवर भाषणं करते. त्यासाठी तिचं एक मंडळ आहे, 'वाणीविहार' नावाचं. त्यातले लोक कोणी पुण्याला, कोणी नाशकाला, एकजण तर दुबईला. एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत, त्यामुळे मंडळ गुण्यागोविंदाने चाललंय. तिने जाहिरात पाठवली होती. 'कागदाशिवाय बोला! न अडखळता बोला! पाहुण्यांना प्रवेश मोफत.' खाली तिचा निरोप : 'बाबा, एकदा गेस्ट म्हणून या ना. तुमीच त्यांना शिकवाल.'

नानांनी ती जाहिरात तीनदा वाचली. मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात माणूस जशी आसपास कोणी नाही ना हे बघून वाचतो, तशी.

रविवारी साडेनऊलाच ते माळ्यावर जाऊन बसले. रेंज माळ्यावरच्या खिडकीतच येते. भाताच्या एका कणगीवर ते स्वतः, समोरच्या कणगीवर पाट, पाटावर पितळेचा डबा आणि डब्याला टेकून मोबाईल. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, पायात चपला. चपला घातल्याशिवाय त्यांना चारचौघांत बोलता येत नसे.

कमळ जिन्यावरून डोकावली. "अवो, कणगीवर चपला घालून बसतात काय?"

"सभा हाय."

"कुठं हाय?"

नानांनी मोबाईल दाखवला. कमळने त्यात वाकून पाहिलं. त्यात त्या वेळी फक्त नाना होते.

"एकटेच हाव की."

"येतील. तू जा गो खाली."

मग माणसं आली. एकेक करून चौकोन उघडत गेले आणि प्रत्येक चौकोनात एकेक डोकं. एका डोक्याच्या मागे पंखा, एकाच्या मागे पुस्तकं, एकाच्या मागे समुद्र आणि नारळाची झाडं. तो डोंबिवलीचा निघाला. वैष्णवी आपल्या स्वयंपाकघरात बसली होती, तिने हात हलवला. सूत्रं होती कुणाली नावाच्या पुण्याच्या बाईंकडे. त्या फार गोड बोलत. इतकं गोड, की नानांना वाटलं या बाईंना कोणीतरी काहीतरी वाईट बातमी सांगायचं काम दिलंय.

कुणालीताईंनी रीत समजावून सांगितली. प्रत्येकाला मोजून वेळ. स्वरूप नावाचा तरुण वेळ बघणार. तो हिरवा कागद दाखवील तेव्हा आवरायला घ्यायचं, पिवळा दाखवला की आवरायचं, लाल दाखवला की थांबायचं. आणि हितेशसर 'अं' मोजणार.

"काय मोजणार?" नानांनी विचारलं.

"अं, नाना. बोलताना आपण अं करतो ना, ते. शेवटी प्रत्येकाचे किती झाले ते सांगतात."

नानांनी मान डोलावली. आकडेवारीचं काम आहे म्हणजे कुठेतरी सरकारी मंजुरी असणार.

"आणि आज आपल्याकडे पाहुणे आहेत, वैष्णवीचे सासरे. नाना, तुम्ही अगदी आरामात बसा. पाहुण्यांनी बोललंच पाहिजे असं काही नाही बरं का."

हे त्या आदराने म्हणाल्या. पण नानांच्या मुलखात 'तुम्ही बोललं नाहीत तरी चालेल' असं ज्याला सांगतात, तो पुढच्या लग्नाला येत नाही.

पहिला वक्ता उभा राहिला, म्हणजे बसूनच. त्याने साखर कशी सोडली ते सांगितलं. दुसऱ्या बाईंनी आपल्या मांजराकडून आपण काय काय शिकलो ते सांगितलं. नंतर एकाने त्या दोघांच्या भाषणांतले गुण सांगितले, मग एक दोष सांगितला आणि तो दोष दुखू नये म्हणून पुन्हा गुण सांगितले. नाना ऐकत होते, पण त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. प्रत्येक चौकोनाच्या खाली डाव्या कोपऱ्यात त्या त्या माणसाचं नाव लिहिलेलं होतं.

आयुष्यात त्यांनी असा मांडव पाहिला नव्हता.

मग आयत्या वेळच्या विषयांची फेरी आली. कुणालीताई विषय देणार, ज्याला हवं त्याने हात वर करून दोन मिनिटं बोलायचं. नानांनी हात वर केला. खरा, टोपीच्याही वर. वैष्णवी खुर्चीत सावरून बसली.

"अरे वा! नाना, तुमचा विषय : फणस की आंबा?"

नाना खाकरले. नाकासमोर बघून त्यांनी सुरुवात केली. "आजच्या या मंगल प्रसंगी, सभेच्या सूत्रधार, पुण्यनगरीतून आवर्जून वेळ काढून आलेल्या सन्माननीय कुणालीताई, यांचं मी स्वागत करतो. वेळेचं भान राखणारे आमचे तरुण तडफदार मित्र सन्माननीय स्वरूप, यांचं स्वागत करतो. ज्यांच्या कानातून एकही अं सुटत नाही असे सन्माननीय हितेशसर..."

आवाज लागला. तोच तो, धरणावरून मुंबईला पोचणारा. चौकोनामागून चौकोन. साखर सोडलेले सन्माननीय. मांजरवाल्या सन्माननीय. दुबईहून सातासमुद्रापलीकडून आलेले सन्माननीय. एका चौकोनात तोंड नव्हतं, नुसतं 'आयफोन १३' लिहिलेलं होतं. नानांनी सन्माननीय आयफोन तेरा यांचंही स्वागत केलं आणि ते कामाच्या गडबडीतून आल्याबद्दल आभार मानले. हिरवा कागद वर आला, पिवळा आला. सतरावं नाव झालं. अठरावं वैष्णवीचं. "...आणि माझ्या घरची लक्ष्मी, सन्माननीय सौ. वैष्णवी." लाल कागद आला. नानांनी त्यालाही नमस्कार केला.

फणस आणि आंबा दोन्ही तसेच राहिले.

चौकोनांतून टाळ्या आल्या, म्हणजे हात हलताना दिसले. कुणालीताई हसून हसून डोळे पुसत होत्या. हितेशसर म्हणाले, "पाहुण्यांचे अं, शून्य. एकसुद्धा नाही."

शून्य! नानांना माघापासून पहिल्यांदा छातीत मोकळं वाटलं. अठरा नावं, एकही अडखळ नाही, एकही मेलेला नाही. नावं लिहिलेली होती हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण माणूस स्वतःला फसवायला बसला की फार कष्ट लागत नाहीत. मुरबाडची नावंही जमतील, अशी त्यांची खात्री होत चालली होती. तीन माजी, चार भावी. जमतील.

सभा शेवटाकडे आली. कुणालीताईंनी मतदानाचा कागद पडद्यावर आणला आणि तो नानांच्या मोबाईलवर भिंतीएवढा पसरला. 'आजचा सर्वोत्कृष्ट वक्ता कोण?' त्या कागदाखाली सगळे चौकोन गडप झाले. वरच्या कोपऱ्यात एकच उरला, नखाएवढा, आणि तो एवढा लहान होता की त्यात नाव मावत नव्हतं.

"मत देण्याआधी आपण पाहुण्यांचा अभिप्राय घेऊया," कुणालीताईंचा आवाज आला. "नाना, आज तुम्हाला कोणाचं बोलणं आवडलं? नाव घेऊन सांगा."

"आवडलं ना. सगळ्यात आवडलं ते..."

ज्याने साखर सोडली, तो. त्याचं स्वागत तर आत्ता केलं होतं. नानांनी नाव शोधलं. मग मांजरवाल्या बाईंचं शोधलं. मग, निदान जी बाई आत्ता विचारतेय तिचं. तिघांची तोंडं आठवत होती. साखरेवाल्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर आठवत होतं. नावांच्या जागी काही नव्हतं. खणलं तर पाणी नाही, ओलसुद्धा नाही.

त्यांनी कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघितलं. त्यात एक तरणी बाई होती, पिवळ्या ड्रेसमधली. ती मान हलवून 'बोला, बोला' असं खुणावत होती. तिच्या मागे फ्रिज होता. फ्रिज नानांनी ओळखला. तो जिन्यावरून चढवताना ते स्वतः खालून खांदा देऊन उभे होते. बाई पण ओळखली. ही आपल्या मुलाची बायको. हिच्या लग्नात आपण माईकवर नव्हतो, वरबाप होतो, म्हणून माईक दुसऱ्याकडे दिला होता आणि त्याने आपल्या मामांचं नाव चुकवलं होतं. मामांचं नावही आठवत होतं. हिचं नाव...

कोणी काही बोलत नव्हतं. खाली अंगणात कमळ कोंबड्यांना हाकलत होती, ते मात्र दुबईपर्यंत ऐकू गेलं असणार.

"मंडळी," नाना म्हणाले. आवाज तोच होता, पण कोणीतरी त्याच्यातली वीज काढून घेतली होती. "मघाशी मी अठरा नावं घेतली. तुमी टाळ्या वाजवल्या. ती तुमच्या खाली लिहिलेली होती. मी वाचली. आता कागद मधी आला, तर मला एक पण नाव येत नाय. या सभेत एक पोर माझ्या घरची हाय. ती माझी सून. दर रविवारी मला फोन करती. ती मला समोर दिसते, आणि तिचं नाव मला आत्ता येत नाय. मी हे कोणाला सांगितलेलं नाय. बायकोला पण नाय. तुमी लांबची माणसं, म्हणून... येवढंच."

मग कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

"काय बोललात नाना!" कुणालीताई म्हणाल्या. "अंगावर काटा आला. आधी हसवलंत, आणि मग त्याच नावांवरून असं वळण! हितेशसर?"

"पुन्हा शून्य अं," हितेशसर म्हणाले. "आणि तो पॉज! मी मोजला. सतरा सेकंद. मॅडम, आपल्यापैकी कोणाची सतरा सेकंद गप्प राहायची हिंमत आहे का?"

मत द्यायला फार वेळ लागला नाही. पाहुण्याला मत देता येत नाही असा नियम होता, पण पाहुण्याला मत पडू शकत नाही असा नियम करायचं कोणाला सुचलेलं नव्हतं. नाना सोळा मतांनी निवडून आले. आयफोन तेरा यांनी मत दिलं नाही. आणि कोपऱ्यातला चौकोन मघाशीच काळा झाला होता.

सभा संपली. पाच मिनिटांत मोबाईलवर प्रमाणपत्र येऊन पडलं, सोनेरी महिरपीचं. 'आजचे सर्वोत्कृष्ट वक्ते.' नाना त्याच्याकडे बघत बसले. कणगीवर बसून पाय बधिर झाले होते, पण उठायचं सुचत नव्हतं. त्यांच्या मनात एक गोष्ट हळूहळू वर येत होती : की जे बोललं ते कोणीच खरं मानलेलं नाही. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलून झाली होती, आणि ती अजून न बोलल्यासारखीच होती. जरा गप्प राहिलं तर सगळं होतं तिथेच होतं. मिताली, मुरबाड, माईक.

फोन वाजला. त्यांनी न बघता उचलून कानाला लावला.

"बाबा." श्वास लागलेला होता. "ते काय बोललात तुमी?"

"भाषण होतं गो ते." नाना हसले. हसणं बरं जमलं. "मंडळी खूश झाली ना? बक्षीस दिला मला."

"खोटं होतं ना सगळं?"

"मंग काय. बोलताना जरा मीठमसाला लावावा लागतो."

मग ती म्हणाली, अगदी हळू, भांडायला घाबरणाऱ्या माणसासारखी, "मग सांगा ना बाबा. माझं नाव सांगा."

नानांनी मोबाईल कानापासून दूर घेतला. फोन कोणाचा ते मोबाईल मोठ्या अक्षरांत दाखवतो, हे त्यांना माहीत होतं. मुलानेच ती अक्षरं मोठी करून दिली होती, चष्मा नसला तरी दिसावीत म्हणून. एक नजर टाकायची, नाव घ्यायचं, 'काय गो येडी, तुझं नाव विसरेन काय' म्हणायचं, की झालं. तिला आज झोप लागेल. मग वैशाखात मांडवातही असंच कुठूनतरी बघून, कोणाचेतरी ओठ वाचून... आणि तिथे बारकूशेठ पुन्हा दुसऱ्या रांगेत येऊन बसले तर? ते कुठल्या कागदावर बघायचं?

त्यांनी मोबाईल उलटा करून छातीला लावला. मग तसाच, न बघता, परत कानाला.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं नाव मोबाईलवर लिवलेलं हाय. मी बघितला नाय. बघून सांगू शकतो. पण येत नाय मला."

ती रडली नाही. नानांना वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "वैष्णवी. मी वैष्णवी, बाबा. मी निघते आत्ता. यांनापण घेऊन येते. आईंना काही बोललात?"

"नाय."

"मी येईपर्यंत नका बोलू. नाहीतर... नाहीतर बोला. तुमाला वाटेल तसं." आणि मग, "जेवलात का?"

"साडेअकरा वाजलेत गो."

"हां," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नाना माळ्यावरून खाली उतरले. कमळ ओटीवर चिंच फोडत बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, पायांतल्या चपलांकडे बघितलं, आणि या वेळी चपलांबद्दल काही बोलली नाही. जिन्याखालच्या ओटीवर माळ्यावरचा शब्द न शब्द ऐकू येतो. फडक्यावरची चिंच तिने एका बाजूला सारली आणि बसायला जागा केली.

नाना बसले.

"जयरामभावजींना सांगाय होवा," ती म्हणाली.

"सांगतो."

"आज सांगा."

"सांगतो म्हटला ना."

त्यांनी फोन लावला. जयराम मोठ्याने बोलणारा माणूस, त्याला फोनची गरज फक्त रीत म्हणून. "बोल ज्ञान्या! तुझ्याकडं येणारच होतो. मुरबाडवाल्यांनी आणखी दोन भावी कळवलेत."

"जयरामा, मी माईकवर उभा राहत नाय."

"का? मानधन वाढव म्हणतोस काय? नारळ देतो दोन."

"मस्करी नाय. मला नावं राहत नाय रे. बारकूशेठला बोलावला, ते ऊन नव्हतं. मंगळूदादाचं झालं तसं होतंय."

तिकडून जयरामच्या घरच्या कुकरची शिटी ऐकू आली.

"नऊशे पत्रिका छापल्यात," तो शेवटी म्हणाला. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. "पत्रिकांचा काय... पण ज्ञान्या, तू नाय तर कोण? या पट्ट्यात कोण कोणाचा, कोण कोणाच्या आधी, कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचा नाय, हे दुसऱ्या कोणाला येतं? लिहिलेलं कुठं हाय?"

"नाय कुठं."

"मग?"

नानांनी कमळकडे बघितलं. ती खाली मान घालून पुन्हा चिंच फोडायला लागली होती, पण हात हळू चालत होता.

"वही घेऊन ये," नाना म्हणाले. "मोठी. पोरीला पण आण, मितालीला. तिचा अक्षर बरा हाय. अजून बरीचशी नावं डोक्यात हायत. आज हायत. मी सांगतो, ती लिवून घेईल. मुरबाडची आधी घेऊ."

"आज?" जयराम म्हणाला. "अरे, आज रविवार. मटण शिजतंय घरात. उद्या सकाळी येतो की."

"मटण जेवून ये," नाना म्हणाले. "पण आज ये."